बुडापेस्टला हवा कशी होती

आई, या वीकएंडला मी परत बुडापेस्टला जाऊन आले. काल संध्याकाळी घरी पोचले, आज सोमवार, आणि घसा बसलाय असं ऑफिसला कळवून मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसले आहे. घसा ठणठणीत आहे. माझी खोटं बोलायची सवय तुला माहीत होती. पण किती माहीत होती ते मला परवा शनिवारी कळलं, म्हणून तर लिहायला बसले. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. तेव्हापासून दर दोन वर्षांनी तरी हिवाळ्यात मी त्या गावाला जातेच. इथल्या मैत्रिणी विचारतात, तुझं युरोपातलं आवडतं शहर कुठलं, आणि मी विचार न करता सांगते. मग त्या का म्हणून विचारतात, आणि मी नदी, पूल, पिवळ्या ट्राम, दुपारचं ऊन असं काहीबाही सांगून विषय बदलते. तुझ्यापाशी तर मी त्या गावाबद्दल धड एक वाक्यही खरं बोलले नव्हते.

खरं तर ती सहल होती तुझ्याच गुडघ्यांसाठी. तुला आठवत असेल, तू सहा महिन्यांसाठी माझ्याकडे इंग्लंडला यायचं ठरवत होतीस आणि मी फोनवर सांगितलं होतं की एका गावात भर थंडीत लोक उघड्यावर गरम पाण्याच्या कुंडात बसतात, डोक्यावर बर्फ पडत असतो आणि खाली वाफा. तू लगेच म्हणालीस, म्हणजे आपलं उन्हवऱ्याचं कुंडच की. लहानपणी आजोबांबरोबर तू तिथे गेली होतीस, तुझ्या आजीचे आखडलेले गुडघे त्या पाण्यानं सुटले होते, ही गोष्ट मी जन्मभर ऐकलेली. मग मी फॉर्म भरले, तू मुंबईला जाऊन व्हिसाच्या रांगेत दोनदा उभी राहिलीस, आणि पासपोर्टात चिकटलेला तो कागद आल्या आल्या मला असा दाखवलास की जणू बोर्डाचा निकाल लागलाय. बेसिंगस्टोकच्या या घरात तुला टबात बसून अंघोळ करणं मुळीच पटत नव्हतं. आपल्याच मळाच्या पाण्यात काय बसायचं, असं म्हणून तू रोज टबाच्या आत बादली ठेवायचीस, मग्यानं पाणी घ्यायचीस आणि बाथरूमभर शिंतोडे उडवायचीस. मी करवादायचे. पण कुंडाचं वेगळं, कुंडाचं पाणी वाहतं असतं, असं तू मला समजावून सांगायचीस.

आता झग्याकडे येते. तिथे पाण्यात उतरायला पोहण्याचा कपडा लागतो का, असं तू मला एकदाच विचारलंस आणि मी हो म्हटलं. त्यानंतर तू त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. आम्ही कामाला आणि नात शाळेला गेली की दुपारी टीव्हीसमोर बसून तू तुझी मोरपंखी नायलॉनची साडी कापलीस आणि हातानं टीप घालून झगा शिवलास. कोपरापर्यंत बाह्या, घोट्याच्या वर चार बोटं एवढी लांबी, आत सुती अस्तर, आणि गळ्याला पांढरी पट्टी, कारण नुसतं मोरपंखी उदास दिसतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी तू तो घातलास आणि दिवाणखान्यात आलीस. हात जरा पसरून उभी राहिलीस. कसा झालाय, म्हणालीस. आज मला तुझे ते पसरलेले हात दिसतात. तेव्हा मला दिसली फोटोत पाहिलेली पिवळ्या इमारतीतली ती कुंडं, त्यात बिकिनी घातलेल्या गोऱ्या बायका, आणि मधोमध मोरपंखी झग्यातली माझी आई. "आई, प्लीज," मी म्हटलं, "असलं काही तिथे चालत नाही. लोक बघत बसतील." चालतं की नाही ते मला माहीतही नव्हतं. तू झगा काढलास, त्याची घडी घातलीस आणि म्हणालीस, "बरं, मी काठावर बसेन. पाय तरी सोडता येतील ना?" तुझा जावई वर्तमानपत्रात डोकं घालून बसला होता. तो तेवढ्यात म्हणाला, "आई, तुम्ही बिनधास्त उतरा हो, कोण ओळखतंय आपल्याला तिथे!" मला त्याचा राग आला. झगा तू तरीही बॅगेत ठेवलास, सगळ्यात खाली.

दुसऱ्या दिवशी ल्यूटनच्या विमानतळावर जे झालं ते तू कुणालाच सांगितलं नाहीस, म्हणून मी सांगते. चूक माझी होती, विमान कंपनीची नाही की व्हिसावाल्यांची नाही. मूळ बेत पुढच्या शुक्रवारचा होता. तुझ्या फॉर्मवर मी त्याच तारखा घातल्या होत्या आणि त्यांनी तुला अगदी नेमक्या तेवढ्याच दिवसांचा व्हिसा दिला होता. मग जावयाच्या ऑफिसात त्याच वीकएंडला नवी सिस्टीम सुरू करायचं निघालं, म्हणून मी सगळं आठवडाभर अलीकडे आणलं. तिकिटं बदलली, हॉटेल बदललं, शाळेला पोरीच्या पोटात दुखतंय म्हणून कळवलं, आमच्या तिघांचे व्हिसे दिव्याखाली धरून पाहिले. तुझा पाहिला नाही. तुझं काम झालेलं होतं, माझ्या डोक्यातल्या यादीत त्यावर केव्हाच खूण पडली होती. काउंटरवरच्या बाईनं तुझा पासपोर्ट उघडला, मिटला, पुन्हा उघडला आणि म्हणाली, "आय ॲम सो सॉरी, दिस स्टार्ट्स नेक्स्ट फ्रायडे." तुला सॉरी तेवढं कळलं. तू माझ्याकडे बघून हसलीस, कारण तुला वाटलं बाईचं काहीतरी चुकलंय आणि ती माफी मागतेय.

मग आपण चौघं ट्रॉल्या घेऊन एका खांबापाशी उभे राहिलो. जावई म्हणाला, कॅन्सल करू या. पोरगी रडायला लागली. तू लगेच सूत्रं हातात घेतलीस. "तुम्ही जा. पोरीचा हिरमोड नको. मी घरी जाते, नाहीतरी दूध विरजून आलेय." मी म्हटलं, नाही आई, आम्ही नाही जाणार. तू म्हणालीस, वेडी आहेस का. मी म्हटलं, मग निदान मी तुझ्याबरोबर थांबते. तू म्हणालीस, अगं, काही नको. आई, तू जेवायला वाढायचीस तेव्हा पाहुण्याला तीनदा आग्रह करायचीस. पहिलं नाही म्हणणं रीतीचं, दुसरं संकोचाचं, तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस खरं काय ते बोलतो, असं तूच मला पोळ्या वाढायला पाठवताना सांगायचीस. मी तिसऱ्यांदा म्हणणारच होते, तेवढ्यात तू तुझी बॅग उचललीस. हे मी पुढे सगळ्यांना सांगितलं, दादालाही. स्लाऊचे आपले नागपूरकर मित्र तासाभरात गाडी घेऊन आले. त्यांच्या बायकोनं खूप सांगितलं, दोन दिवस आमच्याकडे राहा, पण तू विरजणाचं कारण सांगून बेसिंगस्टोकलाच गेलीस.

आणि आम्ही गेलो. तिथे काय होतं ते आता सांगते, सतरा वर्षांनी. ऊन होतं, आई. लख्ख, कोरडं, डोळे बारीक करावे लागतील असं ऊन. बर्फ आदल्या दिवशी पडून गेला होता आणि नदीच्या काठानं ट्राम जात होती, तिच्या खिडकीतून एकेक पूल उलगडत जायचा. रस्त्यावर एक बाई भटुऱ्यासारखं काहीतरी तळत होती, वर लसूण चोळून द्यायची. मी दोन खाल्ले. शनिवारी आम्ही कुंडावर गेलो. उघड्या अंगावर थंडी अशी चावते की माणूस लाजबीज विसरून पळतच पाण्यात शिरतो. पाणी ऊन, चांगलं ऊन, कमरेच्या दुखण्याला बोट लावून विचारल्यासारखं. वाफेत काही म्हातारे छातीभर पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळत होते. मी कशाला तरी इतकी हसले की माझा चष्मा पाण्यात पडला, आणि त्या म्हाताऱ्यांपैकी एकानं पटावरची नजर न काढता पायाच्या बोटांनी तो तळातून वर काढून दिला. त्यावर आम्ही आणखी हसलो. चौदा महिने नव्या देशात कामाचा, भाड्याचा, बॉसचा ताण घेऊन मी दातओठ खात जगत होते, आणि त्या पाण्यात ते सगळं सुटलं. आणि त्या पूर्ण दिवसात मला तुझी आठवण आली ती एकदाच, कुंडाच्या पायऱ्या उतरताना, आणि ती सुटकेची होती. बरं झालं, आई झगा घालून इथे नाहीये. एवढंच मनात आलं आणि गेलं.

रविवारी संध्याकाळी आम्ही आलो तेव्हा पोरगी गाडीतच झोपली होती, तिला तसंच वर नेऊन ठेवलं. घर गार होतं. तू स्वेटरवर शाल आणि शालीवर माझा जुना कोट घालून बसली होतीस. एकटीसाठी कशाला ते हीटिंग, म्हणालीस. पिठलं-भात तयार होता. आम्ही जेवायला बसलो आणि तू ताटाशी हनुवटी हातावर टेकवून विचारलंस, "सांग की, कसं आहे गाव? हवा कशी होती?" मला वाटलं, खरं सांगितलं तर तुला वाईट वाटेल. म्हणून मी म्हटलं, "काही विशेष नाही गं. नुसतं धुकं. गाव काळपट आहे." "आणि कुंड?" "गर्दी. पाणी कोमट. तुला नसतंच आवडलं." तुझा जावई भात कालवत राहिला. तू म्हणालीस, "हो का? मग बरंच झालं." आणि मला दही वाढलंस. घट्ट लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी ऑफिसातून आले तर तो मोरपंखी झगा बैठकीच्या रेडिएटरवर वाळत पडला होता. तुला सांगते आई, त्या क्षणी मी मनातून तुझ्यावर भडकले. मला वाटलं, न वापरलेला कपडा मुद्दाम धुऊन माझ्या नजरेसमोर टांगलाय. टोमणा मारायचा तर तोंडानं मार, असं मी मनात म्हटलं. तू आणि पोरगी सोफ्यावर भाजलेले शेंगदाणे खात बसला होतात, दोघींचे केस ओले. मी त्यावरून काही विचारलं नाही. रागात होते ना.

पुढे तू पुण्याला परत गेलीस. समोरच्या काका-काकूंनी त्या उन्हाळ्यात युरोपची टूर घेतली, त्यात बुडापेस्ट होतं. तू त्यांना छातीठोकपणे सांगितलंस, तिथे एक दिवस वाया जाणार हो तुमचा, माझी लेक जाऊन आलीय, काही नाहीये त्या गावात. ते मे महिन्यात जाऊन आले. काकू चॉकलेटं आणि फोटोंची थप्पी घेऊनच तुझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, अहो, तुमची लेक काय सांगत होती, एवढं सुंदर गाव आम्ही अख्ख्या टूरमध्ये पाहिलं नाही. हे तू मला रविवारच्या फोनवर सांगितलंस. मी काही बोलायच्या आत तूच म्हणालीस, "तुम्हाला हवा खराब लागली असेल." मी म्हटलं, "हो ना, धुकंच धुकं." तू म्हणालीस, "नशिबाचा भाग." आणि मग आंब्यांचे भाव सांगत बसलीस. त्या दिवशी मला वाटलं, सुटले. पुढच्या हिवाळ्यात तुला घेऊन जायचंच, असं मी ठरवलं होतं आणि या खेपेला तारखा चारदा तपासणार होते. दिवाळीच्या आधीच तू गेलीस. पुण्याला मी तुझ्या कपाटात तो झगा खूप शोधला. सापडला तो स्वयंपाकघरात. तू त्याचं मिक्सरचं कव्हर शिवलं होतंस, पांढऱ्या पट्टीसकट. मी ओट्याशी उभी राहून हसले आणि मग मला रडू फुटलं. दादाला वाटलं, मिक्सर बघून रडतेय.

आता परवाचं. तुझी नात तेवीस वर्षांची झालीय, लंडनला नोकरी करते, आणि माझ्या पन्नाशीचं बक्षीस म्हणून तिनं मला बुडापेस्टला नेलं. सगळं तिनंच बुक केलं. मला फक्त पासपोर्ट आणायला सांगितला. आता माझा पासपोर्ट बघून कुणी काही विचारत नाही. शनिवारी दुपारी आम्ही दोघी त्याच कुंडात गळ्यापर्यंत बसलो होतो. म्हातारे अजून बुद्धिबळ खेळतात, वेगळे म्हातारे. ती वाफेकडे बघत म्हणाली, "यू नो, आई, माझी फर्स्ट मेमरी इथलीच आहे. तुझे ग्लासेस पडले होते."

"तुला आठवतं?"

"ऑफ कोर्स. मी आजीला पण सगळं सांगितलं होतं ना."

मी विचारलं, कधी. ती म्हणाली, "आल्यावर, नेक्स्ट डे. तिने मला शाळेतून आणलं, आणि मी तिला सांगितलं, सन होता, स्टीम होती, आजोबा चेस खेळत होते आणि आई लाफ करून करून रडत होती. मग आजी म्हणाली, मला दाखव कसं होतं ते. सो आम्ही बाथ भरला, फुल हॉट. आणि आजीने तो ब्लू ड्रेस घातला, जो तिने स्वतः स्टिच केला होता. आणि ती आत बसली. प्रॉपरली बसली, माझ्यासमोर." ती हसायला लागली. "तिचे नीज वर येत होते, मी सारखे खाली पुश करत होते. आणि आम्ही शॅम्पूच्या बॉटल्स घेऊन चेस खेळलो. नंतर ती स्टक झाली, आई! उठताच येईना तिला. वी लाफ्ड सो मच. मग मी तिला बकेट उलटी करून दिली, तिच्यावर हात ठेवून ती उठली."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"पिंकी प्रॉमिस होतं. आजी म्हणाली, आईला नाही सांगायचं, तिला वाईट वाटेल."

मी पाण्यात डोकं बुडवलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. वर आले तेव्हा तुझी नात घाबरून माझा दंड धरून उभी होती. तिला मी सांगितलं, डोळ्यात काहीतरी गेलं. म्हणजे तेही खोटंच.

तेव्हापासून मी एकेक गोष्ट परत मांडून पाहतेय. तू ज्या टबाला नाक मुरडायचीस त्यात तू बसलीस. शेंगदाणे खाताना तुमचे केस ओले होते. रेडिएटरवर झगा वाळत होता, कारण तो भिजला होता, बाकी काही नाही. आणि काकूंना तू बुडापेस्टला जाऊ नका म्हणून सांगत होतीस तेव्हा तुला पक्कं माहीत होतं की तिथे ऊन असतं, वाफ असते, आणि तिथे तुझी लेक चष्मा पडेपर्यंत हसते. तू माझं खोटं तुझ्या अंगावर घेऊन शेजारपाजारी मिरवलंस आणि ते उघडं पडल्यावर मला हवेची सबब पण तूच आयती काढून दिलीस. मला सतरा वर्षं वाटत होतं की मी तुला सांभाळून घेतलं. आई, मला तुझी फार आठवण येते. रागही येतो. एकदा तरी मला म्हणायचं होतंस की खोटारडे, मला सगळं माहीत आहे. मी रडले असते, पण मोकळी झाले असते.

हे पत्र कुठे टाकणार? मिक्सरचं ते कव्हर दादाकडे आहे अजून. वहिनी म्हणते, नायलॉन कधी फाटतच नाही. तिथे पाठवलं तर ते दोघं वाचतील आणि मग फोन करतील. वही बंद करून खणात ठेवेन, गॅसच्या बिलांखाली.

पण त्याआधी एक दुरुस्ती. हवेचं तुला माहीतच होतं, त्याची कबुली देण्यात काही अर्थ नाही. विमानतळावरच्या त्या खांबापाशी मी तिसऱ्यांदा म्हणणार एवढ्यात तू बॅग उचललीस, असं मी वर लिहिलंय. तसं झालं नव्हतं. दुसऱ्यांदा नको म्हटल्यावर तू थांबली होतीस. माझ्याकडे बघत होतीस, पाहुणे बघायचे तसं. मी पोरीच्या जाकिटाची चेन लावत बसले, ती आधीच लागलेली होती. मग तू बॅग उचललीस.